लखूची वही सातव्या घरी

हिंगणीचा गोमाजी मडावी अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकायला बसला, तो एका पोस्टकार्डापायी.

झालं असं, की एक्क्याण्णव साली रेडिओवर 'सात विहिरींचं गाव' नावाची मालिका लागायची. दर बुधवारी दिवेलागणीला, अर्धा तास. गोमाजीच्या घरी रेडिओ होता. तेंदूपत्त्याच्या एका चांगल्या हंगामात घेतलेला, पट्टा तुटला म्हणून सुतळीनं बांधलेला. गोमाजी आणि त्याची बायको सुंदरा ओसरीत बसून ऐकायचे. घरात दोघं गोंडीत बोलत, पण मालिकेबद्दल काही बोलायचं असलं की मराठीत बोलत, कारण मालिकेतली माणसं मराठीत बोलायची.

त्या मालिकेत पाटील होते, त्यांची मुलगी येसू होती, येसूवर जीव टाकणारा मास्तर होता, आणि पाटलाकडं पाणी भरणारा लखू होता. लखूच्या वाट्याला बोलणं थोडं. 'आनतो जी', 'भरलं जी', एवढंच. अकराव्या भागात पाटलीणबाई म्हणाली, "लखू, आज सातव्या विहिरीचं पाणी आण." लखू म्हणाला, "आनतो जी." बादलीच्या कडीचा आवाज लांब लांब जात विरून गेला. आणि तो लखू पुन्हा आलाच नाही. पुढं बावन्न भागांपर्यंत मालिका चालली. येसूचं लग्न मोडलं, जुळलं, मास्तरला साप चावला, मास्तर वाचला, शेवटी वाजंत्री वाजली. पाणी आणायला गेलेल्या माणसाची कोणाला आठवण झाली नाही.

गोमाजीला झाली. बाराव्या बुधवारी तो सुंदराला म्हणाला, "आज येईन पाह्य तो." तेराव्या बुधवारीही म्हणाला. विसाव्या बुधवारी सुंदराच म्हणाली, "तुमचा लखू पडला असन विहिरीत. आता येसूचं ऐकू द्या."

गावात बंडूजीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गोमाजीनं तिथं जाऊन विचारलं, "बंडूजी, लखू कुठी गेला जी?"

"कोन लखू?"

"पानक्या. सातव्या विहिरीवर गेलता."

बंडूजी सोल्डरिंगचा धूर फुंकत हसला. "पगार मांगाले लागला असन तो नट. देला काढून. तुमी काऊन येवढी काळजी करून राह्यले, सोयरा लागते काय तुमचा?"

मंडळी हसली. गोमाजीही हसला. पण त्याच्या मनातून ते जाईना. रेडिओवाल्यांना पत्र लिहून विचारावं असं त्याला वाटायचं, पण पत्र लिहायला दुसऱ्याला सांगायची लाज वाटायची. असलं विचारायला कोणी पत्र लिहितं का, असं तो माणूस म्हणेल. त्याच सुमाराला शाळेत मोठ्यांचा वर्ग सुरू झाला. सेलूहून प्रेरणा नावाची पोरगी शिकवायला यायची. गोमाजी पाटी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसला. वर्षभरानं, चार पोस्टकार्डं खराब करून, त्यानं पाचवं लिहिलं: 'लखू पाणी आणायला गेला तो आला नाही. कळवावे. गोमाजी मडावी, हिंगणी.'

उत्तर आलं नाही. मालिका संपूनच गेली होती.

*

पण त्या कार्डाचा एक उपयोग झाला. रेडिओला कार्ड लिहिणारा माणूस म्हणून बंडूजीनं गोमाजीला श्रोता मंडळात घेतलं. हे मंडळ म्हणजे रेडिओवेड्या माणसांचा गोतावळा. हिंगणी, सेलू, नालवाडी, सिंदी मेघे अशी कुठली कुठली माणसं त्यात होती. 'सात विहिरींचं गाव' संपलं तेव्हा यातल्या कित्येकांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मालिका संपली म्हणून गाव काऊन संपन, असं बंडूजीनंच म्हटलं, आणि फिरत्या वह्या सुरू केल्या. ज्याला जे सुचेल ते त्यानं वहीत लिहायचं. येसूचं पुढं काय झालं, पाटलाचं काय झालं. वहीला लिहिणाऱ्यानं थैली शिवायची. थैली सात घरं फिरायची, एका घरी आठ दिवस. वाचणाऱ्यानं शेवटच्या पानावर आपलं मत लिहायचं, आणि सातव्या घरानं ती लिहिणाऱ्याकडं परत पोचवायची.

हिंगणी एका टोकाला, जंगलाला लागून. त्यामुळं गोमाजीचं घर नेहमी सातवं.

पहिल्या दोन वह्या आल्या त्या बंडूजीच्याच होत्या. त्यात येसूला एक पोरगा झाला होता आणि मास्तर सारखा कोणाला तरी बदडत होता. गोमाजीनं प्रत्येकीचं पहिलं पान कसंबसं वाचलं आणि सांगितलं, "झकास हाय जी, लिवून घ्या." बंडूजीनं त्याच्या वतीनं 'झकास' असं लिहून घेतलं. त्यामुळं एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. गोमाजीचं वाचणं दिवसाला अर्धं पान होतं.

तिसरी थैली आली पंच्याण्णव साली, होळी झाल्यावर. मोहफुलं पडायचे दिवस. पांढऱ्या मांजरपाटाची थैली, काठाला निळ्या दोऱ्याची बारीक टीप. आत शंभर पानी वही. गोमाजीनं बोट ठेवून वरची ओळ लावली. 'सात विहिरींचं गाव.' त्याखाली लहान अक्षरात, 'लखू.' त्याखाली, 'लिहिणार प्रमिला, सिंदी मेघे.'

गोमाजी अंगणात होता तिथंच खाली बसला.

"सुंदरा! लखू सापडला!"

सुंदरा मोहफुलं पसरत होती. "कोनता लखू?"

"पानक्या व! आपला!"

"अगं बाई! कुठी सापडला?"

"ते वाचा लागन."

"मंग वाचा ना. तोंडाकडं काऊन पाह्यता माह्या?"

त्या दिवसापासून रोज दुपारी, फुलं वाळत घातली की, दोघं बाभळीखाली बसायची. गोमाजी बोटानं अक्षर धरायचा, ते सोडायचा, पुढचं धरायचा. शब्द जुळला की तो मोठ्यानं म्हणायचा. ओळ जुळली की पुन्हा पहिल्यापासून सगळी ओळ म्हणायचा, आणि मग सुंदराला ती समजायची.

प्रमिलाबाईंनी लिहिलं होतं, की लखू सातव्या विहिरीवर गेला तेव्हा पाणी खोल गेलेलं होतं. दोर पुरेना. तो बादली घेऊन पायऱ्यांनी खाली उतरला, आणि तळाशी जाऊन बसला. वरून कोणी हाक मारत नव्हतं. गार होतं. लहानपणापासून आजवर एवढा वेळ त्याला कोणी हाक मारली नाही, असं कधी झालं नव्हतं.

"खरं हाय," सुंदरा म्हणाली. "बाई हुशार दिसते. कोनाची हाय?"

"लिवलं नाई."

"पानी भरलं असन तिनंबी कोनाच्या घरी. त्याबिगर हे नाई सुचत."

आठ दिवसांनी बंडूजी सायकलवरून आला. "गोमाजी, थैली?"

"होऊन राह्यलं जी."

"येवढं काय हाय त्यात? मी पाह्यलं मांगं. पानक्याचं हाय सारं. ना येसू ना मास्तर."

"वाचून राह्यलो."

पंधराव्या दिवशी तो पुन्हा आला. तोवर लखू भरलेली बादली डोक्यावर घेऊन पाटलाच्या घराकडं न जाता रानाच्या वाटेला लागला होता. त्याला त्याच्या मायकडं जायचं होतं. सात वर्षांचा असताना त्याला पाटलाकडं ठेवून ती गेली होती. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तो पाणी घेऊन निघाला. वाटेत पाणी सांडायचं. दिसला झरा की तो बादली भरून घ्यायचा आणि पुन्हा चालायचा.

"अवो गोमाजी," बंडूजी म्हणाला, "नियम हाय ना जी आठ दिसाचा. थोडी चाळून पाह्यजो, शेवट पाह्यजो, दोन शब्द लिवजो, झालं. सारं कोन वाचते?"

गोमाजीला हे पटलंच नाही. "शेवट पह्यले कसा पाहाचा? बुधवार याच्या आंधी बुधवार ऐकाले येते काय?"

"हे पुस्तक हाय, रेडिओ नोहे."

"मले तं रेडिओच हाय."

बंडूजी डोक्यावर हात मारून गेला. गोमाजीला मनापासून असंच वाटत होतं. पुढचं पान आधी उलटणं म्हणजे शिजत्या हंडीवरचं झाकण काढण्यासारखं. ज्या बाईनं एवढं सावकाश लिहिलं, तिनं सांगितल्याबिगर तिच्या पुढं कसं जायचं? शेवटच्या पानावर मत लिहायचं असतं हे त्याला ठाऊक होतं. तिथं पोचलो की लिहू, असं त्याचं म्हणणं.

तिसाव्या दिवशी त्यांनी वाचलं, की लखू हे नाव त्याच्या मायनं ठेवलेलं नव्हतंच. ते पाटलाच्या घरचं नाव. आधीचा पाणक्या लखू होता, म्हणून हाही लखू. मायनं ठेवलेलं नाव त्याला आता आठवत नव्हतं.

गोमाजीनं बोट उचललं. वही मिटली.

"काऊन थांबले?" सुंदरानं विचारलं.

गोमाजीनं वही थैलीत ठेवली. नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत त्यानं धानोलीकडच्या एका मोठ्या घरी पाणी भरलं होतं. तिथं त्याला बाळ्या म्हणायचे. बाळ्या कोण होता, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. सुंदराला हे माहीत होतं. ती उठून मोहफुलं परतायला गेली, आणि त्या दिवशी पुढं वाचणं झालं नाही.

वही बावीस पानांची लिहिलेली होती. चव्वेचाळिसाव्या दिवशी लखू मायच्या दारापुढं पोचला. शेवटची ओळ गोमाजीनं दोनदा वाचली. 'दार ओढलेलं होतं. लखू बादली घेऊन उभा राहिला. हाक मारावी तर आतून कोण म्हणून विचारतील, आणि आपण कोण ते त्याला सांगता येत नव्हतं.'

"मंग?" सुंदरा म्हणाली.

गोमाजीनं पान उलटलं. उरलेली वही कोरी. तो एकेक कोरं पान उलटत गेला, आणि शेवटच्या पानावर आला. तिथं सहा घरांची मतं होती. 'पाहिलं.' 'अक्षर चांगले.' 'येसूचे काहीच नाही.' 'लखू कोण? रीता, नालवाडी.' 'हिरो-हिरोईनचं लिहा.' 'पाहिलं.' आणि या सगळ्यांच्या वर, पानाच्या माथ्यावर, वहीतल्याच निळ्या शाईत प्रमिलाबाईंनी लिहिलं होतं:

'पुढचं मी लिहून ठेवलं आहे. कोणाला हवं असेल तर खाली तसं लिहा. वही परत आली की बघीन. कोणालाच नको असेल तर मी थांबते.'

हे पान चव्वेचाळीस दिवस गोमाजीच्या घरात, खुंटीला टांगलेल्या थैलीत होतं.

त्यानं पाटी काढली. आधी पाटीवर लिहिलं, मग वहीत. त्यानं दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. 'लखू सापडला. मी चार वर्षं वाट पाहात होतो. बाई थांबू नका. पुढचं पाठवा. गोमाजी मडावी, हिंगणी.'

"बंडूजीजवळ देता काय?" सुंदरानं विचारलं.

"नाई. मीच जातो."

*

सकाळच्या एसटीनं तो सेलूला आणि तिथून वर्ध्याला गेला. सिंदी मेघेला विचारत विचारत एका किराणा दुकानापुढं पोचला. दुकानात गल्ल्यावर प्रभाकरराव बसले होते, प्रमिलाबाईंचे यजमान. त्यांच्या डोक्यावर नुकते उगवलेले, बोटाच्या पेराएवढेही नाहीत असे केस होते. ते पाहून गोमाजीचे पाय दुकानाच्या पायरीवरच थांबले. घरात कोणी तरी गेलं होतं.

"काय पाह्यजे बाबा?"

"प्रमिलाबाईची वही आनली जी."

प्रभाकररावांनी थैली ओळखली. हातातला मापाचा डबा त्यांनी खाली ठेवला.

"कुठी होती हे?"

"माह्याजवळ. हिंगणीले."

"रोज इचारे. गाडी आली की पोरीले रस्त्यावर धाडे, थैली आली काय पाह्य. मी म्हनो, येईन व, पळून जाते काय." त्यांनी थैलीकडं पाहिलं. "पोटात गाठ होती. एकोनीस दिस झाले."

गोमाजीनं दोन्ही हातांनी थैली धरलेली होती. ती खाली ठेवायची की पुढं करायची हे त्याला समजेना. एकोणीस दिवसांपूर्वी त्याच्या बाभळीखाली लखू दुसऱ्या झऱ्यावर बादली भरत होता.

"त्यायनं पुढचं लिवून ठेवलं होतं म्हने," तो म्हणाला.

"असन. मी काही वाचलं नाई, बाबा. लिवे ती दुपारी, मांगच्या खोलीत. मी म्हनलं, तिचा जीव रमते तं रमू दे. शेवटी शेवटी तिनं टरंक आवरली. म्हने, हे आता कोनाले पाह्यजे. कुठी टाकलं मले नाई माहीत."

"हे थैली..."

"तुमच्याच जवळ राहू द्या. मी काय करू तिचं?"

दुकानात गिऱ्हाईक आलं. गोमाजीला तसंच निघणं जमेना. माणसाच्या दुकानातून रिकामा उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून तो म्हणाला, "हळद द्या जी. पावशेर." प्रभाकररावांनी दाराला टांगलेल्या माळेतून एक पुडी ओढली, हळद भरली, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला.

घरी आल्यावर गोमाजीनं सुंदराला एवढंच सांगितलं, "बाई गेली." तिनं हळदीची पुडी सोडली, हळद डब्यात ओतली आणि कागद चुलीकडं टाकायला हात उचलला, तोच गोमाजीनं तिचं मनगट धरलं.

निळी शाई होती. तीच तिरपी वेलांटी, तोच लांब दंड. चव्वेचाळीस दिवस तो या अक्षरामागं चालला होता. दुसऱ्या कोणाचं कसंही असो, हे अक्षर त्यानं अंधारातही ओळखलं असतं. त्यानं कागद मांडीवर सरळ केला. एकच पान, वरचं वाक्य अर्धं, खालचं अर्धं. दोघं संध्याकाळपर्यंत त्यावर बसली. बहुतेक पानभर पाण्याबद्दल होतं, त्या बादलीतलं पाणी रांजणात ओतल्याबद्दल. आणि तळाशी हे होतं: 'मग ती सांगायला लागली. पोरा, तू गेल्यावर मी दोनदा दार बदललं, पण उंबरा तोच ठेवला, कारण'

तिथं पान सरलं होतं.

"म्हंजे माय होती घरात," सुंदरा म्हणाली.

"होती."

"अन् तिनं वळखलं."

"वळखलं."

"कारन काय पन?"

गोमाजीनं कागद उलटा केला. पाठीमागं फक्त हळदीचा डाग होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्या गाडीनं गेला. दुकानाच्या दाराला पुड्यांची नवी माळ होती. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. सगळ्या वर्तमानपत्राच्या होत्या. वहीच्या कागदाच्या संपलेल्या. प्रभाकरराव म्हणाले, "आज काय देऊ?" आपल्या बायकोनं टाकलेल्या कागदांच्या पुड्या कोणी बांधल्या, हे त्या माणसाला सांगायला गोमाजीचं तोंड उघडेना. तो म्हणाला, "हळद."

"काल नेली ना?"

"लागते जी."

घरी सुंदरा म्हणाली, "आता काय पोरीचं लगन काढता, येवढी हळद?" आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

*

मंडळाचा मेळावा पुढच्या जानेवारीत झाला, नालवाडीच्या एका शाळेत. साठ-सत्तर माणसं होती. मेळाव्यात एक रीत होती, नाव सांगायची. प्रत्येक घरातल्या एकानं उठायचं आणि ज्याची वही सगळ्यांनी वाचावी असं वाटतं त्याचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव जास्त, त्याची वही पुढच्या वर्षी पहिली फिरायची. दरवर्षी बंडूजीचंच नाव यायचं, आणि तो दरवर्षी कसनुसा होऊन म्हणायचा, "काहाले जी, काहाले."

गोमाजीची पाळी शेवटी आली. तो थैली घेऊन उभा राहिला.

"प्रमिलाबाई," तो म्हणाला. "सिंदी मेघे."

बंडूजी खुर्चीतून हळूच म्हणाला, "गोमाजी, त्या वारल्या."

"माहीत हाय."

"मंग त्यायचं नाव घेऊन काय फायदा? पुढची वही तं येनार नाई."

"मांगची तं हाय."

मागून कोणी तरी म्हणालं, "ते पानक्याची? पाह्यली होती मी."

"पाह्यली होती ना," गोमाजी तिकडं वळला. "मीबी बंडूजीच्या दोन वह्या पाह्यल्याच होत्या. वाचल्या नाई. हे वाचली." त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. तो थैलीच्या काठावरची निळी टीप अंगठ्यानं चाचपत बोलत राहिला. "मंडळी, तुमी साऱ्यायनं येसूचं लिवलं. येसूकडं तं रेडिओवालेबी पाहूनच राह्यले होते. ह्या बाईनं कोनाकडं पाह्यलं? जो गेला अन् कोनाच्या ध्यानात राह्यला नाई, त्याच्याकडं. मले वाटे, लखू कुठी गेला असं इचारनारा मीच एक येडा हाय. सिंदी मेघेत बसून तीबी तेच इचारून राह्यली होती. अन् तिनं धुंडून आनला. विहिरीतून काढला, रानानं चालवला, मायच्या दारापर्यंत आनला. असं लिवनारं मानूस मंडळात दुसरं नाई. बंडूजी, राग मानू नका."

बंडूजीनं मान हलवली.

"एक सांगाचं राह्यलं. तिनं मांगच्या पानावर इचारलं होतं, पुढचं पाह्यजे काय. वही आठ दिसात परत जाची होती. माह्याजवळ चव्वेचाळीस दिस राह्यली. मले वाचता येत नाई लवकर. शेवटचं पान आंधी पाहाचं असते, हेबी मले पटलं नव्हतं. ती वाट पाहून राह्यली, अन् मंग तिनं पुढचं टाकून देलं. हे मी केलं. म्हनून मी तिचं नाव घेतो असं नाई. नाव तं मी घेतलंच असतं. पन तुमाले माहीत पाह्यजे."

मग त्यानं वही उघडली आणि वाचायला लागला. बोट ठेवून, शब्द जुळवून, ओळ पुन्हा म्हणून. पहिलं पान व्हायला अर्धा तास लागला. सेलूच्या गाडीची वेळ झाली तशी दहा-बारा माणसं उठली. बाकीची बसली. दुसऱ्या पानावर बंडूजी खुर्चीतून उठून त्याच्या शेजारी आला आणि म्हणाला, "द्या जी, मी वाचतो." बंडूजीचा आवाज रेडिओवाल्यांसारखा होता. त्यानं लखूला विहिरीत उतरवलं, बसवलं, वर काढलं, वाटेला लावलं. आईनं ठेवलेलं नाव आठवत नाही ती ओळ त्यानं दोनदा वाचली. दारापाशी येऊन तो थांबला, तेव्हा दुपार कलली होती.

"मंग गेला काय घरात?" एका बाईनं विचारलं. ती रीता होती, नालवाडीचीच. 'लखू कोण' असं तिनंच लिहिलं होतं.

गोमाजीनं तिच्यापुढं वहीचं शेवटचं पान धरलं. "हे इथं लिवा ताई."

तिनं आपलं जुनं वाक्य पाहिलं, आणि वरचं बाईंचं वाचलं. मग लिहिलं, 'पुढं काय झालं?' तिच्यानंतर दुसरा उठला. खालची जागा संपली तेव्हा माणसांनी समासात आडवं लिहिलं, मग कोऱ्या पानावर लिहिलं. पुढं काय. पुढचं पाठवा. लखूला घरात घ्या. एकेचाळीस माणसांनी लिहिलं.

निघताना बंडूजी गोमाजीजवळ आला. "आता पुढचं तुमीच लिवजो. तुमालेच जमन."

"मले नाई येत."

"शिकले ना तुमी अक्षर."

"अक्षर येते जी. पन मायनं उंबरा काऊन ठेवला, ते त्या बाईले माहीत होतं. मले नाई."

*

वाचून झालं की वही लिहिणाऱ्याकडं परत जाते, हा नियम. गोमाजी चौथ्या दिवशी सिंदी मेघेला गेला.

प्रभाकरराव त्याला पाहून म्हणाले, "हळद?"

"नाई जी. वही."

त्यांनी ती थैलीतून काढून घेतली. आधी शेवटचं पान उघडलं, सगळे उघडतात तसं. एकेक नाव ते ओठांत वाचत गेले. नालवाडी, सेलू, हिंगणी. समासातलं वाचायला वही फिरवली.

"येवढी मानसं?" ते म्हणाले.

"हो."

"तिच्यासाठी?"

"हो जी."

त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानाशी आणली. मग त्यांनी विचारलं, "लखू कोन होता जी?"

"वाचा ना," गोमाजी म्हणाला, आणि तांदळाच्या पोत्यावर टेकला.

प्रभाकररावांना वाचता भराभर येत होतं. उभ्यानंच ते वाचत गेले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानं थांब म्हटलं. दुसरं आलं. बावीस पानं त्यांनी तासाभरात वाचली. एका ठिकाणी ते मागं गेले आणि पुन्हा पुढं आले. दारापाशी लखू उभा राहिला, तेव्हा त्यांनी पान उलटलं, कोरं पाहिलं, आणि मान वर केली.

"पुढं?"

गोमाजीला ते पान दाखवायचं नव्हतं. वाटभर त्यानं तसंच ठरवलं होतं. पण त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोला पुढं काय म्हणून विचारलं होतं, आणि उत्तराला तेवढंच एक पान उरलं होतं. त्यानं सदऱ्याच्या खिशातून ते काढलं आणि दिलं.

प्रभाकररावांनी वाचलं. रांजणातलं पाणी वाचलं. मायचं बोलणं वाचलं. 'कारण' या शब्दापाशी आले आणि त्यांनी कागदाची दुसरी बाजू पाहिली. तिथं हळद होती.

कागद त्यांच्या हातात होता, आणि हातांना तीस वर्षांची सवय. डावा अंगठा आपोआप कोपऱ्यावर गेला, उजव्या हातानं कागद वळवला, टोक आत दुमडलं. कागद जुन्या घडीवर जराही न अडता बसला. त्यांच्या मुठीत एक पुडी तयार झाली.

प्रभाकररावांनी त्या पुडीकडं पाहिलं. मग दाराला टांगलेल्या माळेकडं पाहिलं.

"भाऊ, जिरं द्या ना," गिऱ्हाईक म्हणालं. "केव्हाचा उभा हाय."

त्यांनी काही दिलं नाही. पुडी मुठीत धरूनच ते गल्ल्यामागं खाली बसले. गोमाजी पोत्यावरून उठला, पायरी उतरला, आणि वळून एकदा थैलीकडं पाहून एसटीच्या थांब्याकडं चालायला लागला.